उन्हात काय, कुणीही चार्ज होतं!

गेल्या रविवारी एका इंजिनियरिंग कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसायचा योग आला. (परीक्षक म्हणजे काय, खरे परीक्षक आयत्या वेळी आले नाहीत म्हणून ओळखीतल्या कुणाला तरी धरून आणलं.) सोलरवर चालणारे एकूण अकरा प्रोजेक्ट. स्मार्ट कचरापेटी, स्मार्ट कुंडी, स्मार्ट गोठा. अकरांपैकी नऊ डब्यांमध्ये तेच ते पोस्टाच्या तिकिटाएवढं निळं बोर्ड. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "ही चार्जर चिप का घेतली?"

"सर, सगळे हीच वापरतात."

नऊ वेळा हेच उत्तर. उरलेल्या दोघांनी छाती फुगवून सांगितलं, "सर, आमचं एमपीपीटी आहे." बरं. मग माझा दुसरा प्रश्न, "चार दिवस ऊनच पडलं नाही तर?" ह्यावर मात्र अकराच्या अकरा जणांचं एकमत झालं. "सर, बॅटरी आहे ना!"

मला जाम राग आला. पोरांचा नाही. ही सगळी उत्तरं माझीच होती, शब्द न् शब्द, आणि त्यांची किंमत माझ्या मामाने मोजली होती.

मामाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ज्यांना बागेचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे पाच-सहा आठवडे माणसाची झोप उडालेली असते. कोवळी फूट, त्यात घड बाहेर पडायला लागलेले, आणि अशात पाऊस आला किंवा दव पडून पानं बराच वेळ ओली राहिली की डावणी येते. ही बुरशी रात्रीत कामाला लागते. फवारणी वेळेत झाली तर ठीक, नाही तर घड तपकिरी पडून गळून जातात. म्हणजे सगळा खेळ "पान किती तास ओलं होतं" ह्या एका आकड्याचा. आता हे मोजणारी तयार हवामान केंद्रं मिळतात, पण मी इंजिनियर ना! म्हटलं, "मामा, तुम्ही पैसे घालवू नका, मी करून देतो."

केलं. ओलावा मोजणारी पट्टी, एक ईएसपी३२ चं डेव्हलपमेंट बोर्ड, टूजीवर डेटा पाठवायला सिम८००एल, एक १८६५० लिथियम सेल, ६ व्होल्ट १ वॅटचं पॅनल, आणि मध्ये ते निळं बोर्ड, म्हणजे टीपी४०५६. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर २०२४ च्या एप्रिलमध्ये तीन आठवडे चाचणी घेतली. एकदाही बंद पडलं नाही. बॅटरी रोज दुपारी बारालाच भरलेली. मी खूश, मित्रांना स्क्रीनशॉट पाठवले.

ऑक्टोबरमध्ये बागेत लावलं. छाटणीला पंधरा-सोळा दिवस झाले असतील, आणि आभाळ भरून आलं. चौथ्या दिवशी पहाटे यंत्र मेलं. ते मेलं हेही कुणाला कळलं नाही, कारण मी लिहिलेलं पान शेवटचं आलेलं रीडिंग तसंच दाखवत बसलं. "पान कोरडं." मामाने ते सकाळी पाहिलं, संध्याकाळी पाहिलं, आणि भाच्यावर विश्वास ठेवून फवारणी एक दिवस पुढे ढकलली. साधारण एकरभर बागेतले घड गेले.

मी तोंड लपवत गेलो तेव्हा मामा चिडला नाही. चहा दिला आणि म्हणाला, "बाळा, तुझं यंत्र ऊन असलं की सांगतं, ऊन आहे. ते मला दिसतंच की रे."

ह्या एका वाक्यात जे आहे ते मला चार वर्षांच्या डिग्रीत कुणी शिकवलं नव्हतं. हे यंत्र ढगाळ दिवसासाठीच होतं. त्याची खरी नोकरी वर्षातले पंधरा-वीस दिवस, आणि मी नेमकी त्याच दिवशी सुट्टी घेणारी चिप निवडली होती. तीही कशी, तर भर एप्रिलच्या गच्चीवर पास झालेली!

आता जरा आतलं बघू. टीपी४०५६ वाईट चिप नाही, हे आधीच सांगतो. यूएसबीच्या ५ व्होल्टवरून एक लिथियम सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा, एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते. करंट किती घ्यायचा हे एका रेझिस्टरवर ठरतं. निळ्या बोर्डावर तो १.२ किलोओहमचा असतो, म्हणजे चिप १ अँपिअर मागते. यूएसबी अडॅप्टर तेवढा देतो. १ वॅटचं पॅनल? भर उन्हात फार तर १६५ मिलीअँप. ढगाळलेल्या दिवशी, ऊन दहा-पंधरा टक्क्यांवर आलं की वीसेक मिलीअँप.

मामाला हे मी असं समजावलं. अडॅप्टर म्हणजे धरणाचा पाट, मागाल तेवढं पाणी. पॅनल म्हणजे उन्हाळ्यातली विहीर, झिरपा असेल तेवढंच. आता त्या विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवली तर काय होणार? दोन मिनिटांत पाणी तळाला, मोटर हवा ओढायला लागते, तुम्ही धावत जाऊन बंद करता. पाणी थोडं साठतं, पुन्हा चालू, पुन्हा हवा. मामा म्हणाला, "मग लहान मोटर बसवायची." बरोब्बर! हे त्याला दहा सेकंदात कळलं. मला एक बाग जावी लागली.

चिपमध्ये अक्षरशः हेच होतं. १ अँपिअरच्या हव्यासापायी ती पॅनलचं व्होल्टेज खाली ओढत नेते. ते बॅटरीच्या व्होल्टेजला जवळजवळ टेकलं की चिप स्वतःला बंद करून घेते. बंद झाली की पॅनल मोकळं होऊन व्होल्टेज उसळतं, की चिप पुन्हा चालू. नंतर एका ढगाळ दुपारी मी मल्टिमीटर लावून बसलो होतो, आकडा एका जागी ठरायला तयार नव्हता. वर त्या बोर्डावरचा लाल एलईडी आपले एक-दोन मिलीअँप खातोच. वीसमधले दोन! "चार्जिंग चालू आहे" हे रिकाम्या बागेत वटवाघळांना सांगण्यासाठी. रेझिस्टर बदलून १० किलोओहमचा केला तर चिप १३० मिलीअँपच मागते, म्हणजे उन्हातला तरी प्रश्न सुटतो. रुपयाभराचं काम. पण नऊ प्रोजेक्टपैकी एकानेही तो रेझिस्टर कुठे आहे हे पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं.

आता एमपीपीटीवाल्यांकडे वळू. माझा खरा राग ह्यांच्यावर आहे, कारण निळ्या बोर्डवाल्याला निदान आपल्याला काही कळत नाही एवढं तरी माहीत असतं. एमपीपीटी हे चार अक्षरांचं ताईत झालंय. बांधा आणि निर्धास्त व्हा.

हिशेबच मांडू. तेच ६ व्होल्टचं, १ वॅटचं पॅनल, बॅटरी ३.८ व्होल्टवर. साधी लिनिअर चिप करंट तसाच पुढे ढकलते आणि मधले सव्वादोन व्होल्ट उष्णता म्हणून फुकट घालवते. बॅटरीत पोचले साधारण ०.६३ वॅट. स्विचिंगवाली एमपीपीटी चिप पॅनलला त्याच्या सर्वोत्तम बिंदूवर धरते. तिची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर ०.८८ वॅट. म्हणजे ४० टक्के फायदा! जाहिरातीत हाच आकडा असतो. पण तो पॅनल २५ अंशांवर असतानाचा आहे. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पॅनल ६०-६५ अंशांना सहज जातं, आणि सिलिकॉन पॅनलची पॉवर दर अंशामागे साधारण ०.४ टक्के घटते. म्हणजे पंधराएक टक्के गेले, आणि ते जवळजवळ सगळे व्होल्टेजमधून जातात, करंट तसाच राहतो. लिनिअर चिप तशीही ते व्होल्टेज फुकट घालवत होती, तिचं काहीच बिघडलं नाही! नुकसान झालं ते एमपीपीटीचं. फायदा ४० वरून १७-१८ टक्क्यांवर.

आणि ढगाळ दिवशी? पॅनलमधून येतायत मुळात ०.११ वॅट. स्विचिंग चिप स्वतः चालायला काही घेणार, इतक्या कमी लोडला तिची कार्यक्षमता घसरणार, आणि शेवटी हातात उरतं ते बहुधा लिनिअरएवढंच. जिथे गरज होती तिथे फायदा शून्याच्या आसपास, आणि जिथे बॅटरी बारा वाजताच भरलेली असते तिथे ४० टक्के. पंचपक्वान्न जेवून उठलेल्याला जिलबीचा आग्रह, तसला प्रकार.

शिवाय एमपीपीटी म्हणून जे विकलं जातं त्यात खरोखर शोध घेणारं किती असतं? त्या दोन्ही पोरांकडे सीएन३७९१ होती. स्वस्त आणि बऱ्यापैकी चिप आहे, माझ्याकडेही दोन पडून आहेत. पण ती काही शोधत-बिधत नाही. दोन रेझिस्टरांच्या विभागणीने एक व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं, पॅनल त्याच्या खाली जायला लागलं की ती करंट कमी करते. बास. म्हणूनच तिची बोर्डं ६, ९, १२ व्होल्टची वेगवेगळी मिळतात. आता ६ व्होल्टला बांधलेलं बोर्ड आणि उन्हात तापून ५.२ वर उतरलेलं पॅनल, ह्यांचं कसं जमायचं? चिप ६ व्होल्ट धरून ठेवायच्या नादात करंट कापत बसणार. मी त्या पोराला विचारलं, तुझ्या बोर्डाचा बिंदू कितीला आहे? तो म्हणाला, "सर, ते ऑटोमॅटिक असतं." चालायचंच.

खरोखर हलवून बघणाऱ्या चिपा आहेत की. एसटीची एसपीव्ही१०४० थोडं इकडे थोडं तिकडे सरकून पॉवर वाढली का ते तपासते. टीआयची बीक्यू२५५७० दर १६ सेकंदांनी पॅनल क्षणभर मोकळं सोडून त्याचं व्होल्टेज मोजते आणि सोलरसाठी त्याच्या ८० टक्क्यांवर धरते; स्वतः जेमतेम अर्धा मायक्रोअँप खाते. ही खरी अंधारातली चिप. पण तिला ५.१ व्होल्टच्या वर इनपुट चालत नाही, आणि बाजारात जिकडे तिकडे मिळणारं पॅनल ६ व्होल्टचं. म्हणजे चिप आधी निवडून मग पॅनल शोधायचं, की पॅनल हातात आहे म्हणून चिप शोधायची, हा प्रश्न आलाच. आपण बहुतेक वेळा ह्यातलं काहीच करत नाही. दुकानात जे समोर दिसेल ते उचलतो.

अजून एक गोष्ट आहे, जी ह्या सगळ्यापेक्षा मला जास्त छळते. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असं सेल बनवणारेच लिहितात. उन्हात टांगलेल्या बंद डब्यात एप्रिल-मेमध्ये किती होत असेल? मी थर्मामीटर टाकून पाहिला, ५८. टीपी४०५६ ला सेलचं तापमान मोजायची पिन आहे, पण निळ्या बोर्डावर ती सरळ ग्राउंडला जोडून गप्प केलेली असते. सीएन३७९१ ला तर ती पिनच नाही. म्हणजे आपण मेमध्ये रोज दुपारी सेल शिजवायचा, मग ऑक्टोबरमध्ये तो दगा देतो म्हणून बोंब मारायची. माझा सेल काढून मोजला तेव्हा २६०० छापलेल्या जागी १४०० मिलीअँप-अवर निघाले. मुळातच नकली होता की एप्रिलच्या गच्चीवर गेला, आता कोण सांगणार.

तर शेवटी मी काय घेतलं? हसू नका. लिनिअर चिप घेतली. टीआयची बीक्यू२४०७४, एमपीपीटीचं नावसुद्धा नाही. ऑफिसातला एक जण म्हणाला, "२०२५ मध्ये लिनिअर? तू काय रेडिओ बनवतोयस का?" बनवतो की. पण ही चिप यूएसबीच्या मोडमध्ये ठेवली की इनपुट साडेचार व्होल्टच्या खाली जायला लागताच स्वतःची मागणी कमी करते. विहिरीत पाणी कमी झालं की मोटर आपोआप लहान होते, असं समजा. मग २० मिलीअँप येत असतील तर शांतपणे २० घेते, धडपड नाही. सेलचं तापमान मोजते, ५० अंशांच्या आसपास चार्जिंग थांबवते (जोडीला रेझिस्टर टाकून तो उंबरठा अजून खाली आणता येतो, मी आणलाय). यंत्राला लागणारी वीज आणि सेलला जाणारी वीज ती वेगळी ठेवते, त्यामुळे सेल पार रिकामा असला तरी थोडं ऊन आलं की यंत्र उठून बसतं. निळ्या बोर्डापेक्षा कितीतरी पट महाग आहे, हे खरं. एकर गेल्यावर मला ती किंमत दिसेनाशी झालीय.

"एवढी डोकेफोड कशाला, मोठं पॅनल टाक की!" असं म्हणणारे भेटतातच. अर्धं बरोबर आहे. १ च्या जागी ३ वॅटचं टाकलंच आहे. पण पॅनलवर बोर्डोचा निळसर थर बसतो, धूळ बसते, आणि एक अँपिअर मागणाऱ्या चिपपुढे वीसच्या जागी साठ मिलीअँप आले तरी विहीर कोरडी ती कोरडीच.

आणि आता माझ्याच जातभाईंबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांबद्दल. यंत्र मारण्यात चिपचा हात होताच, पण सुपारी माझ्या कोडने दिली होती. पावसात टॉवर गळपटला की माझं कोड काय करायचं? रीट्राय. पुन्हा रीट्राय. नोकरीत आपण तेच शिकतो ना, नेटवर्क गेलं की पुन्हा मारा, सर्व्हरला वीज कोण देतं हा आपला प्रश्नच नसतो. सिम८००एल सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत खेचते. दर दहा मिनिटांनी हे, आणि मधल्या वेळात झोपेचं सोंग घेतलेलं डेव्हलपमेंट बोर्ड आपल्या रेग्युलेटर आणि दिव्यांसकट दहाएक मिलीअँप पीत बसलेलं. दिवसाला साडेतीनशे मिलीअँप-अवर जात होते. भर उन्हात येणार साडेसातशे, सगळं छान. ढगात येणार जास्तीत जास्त शंभर-सव्वाशे, तेही चिपने घेतले तर. १४०० चा सेल चार दिवसांत रिकामा होणार हे कुठल्याही वाण्याने पाठीमागच्या पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं असतं. मी ते एकदाही लिहून पाहिलं नव्हतं. आता तासातून एकदाच पाठवतो, टॉवर नसेल तर साठवून ठेवून झोपतो, डेव्हलपमेंट बोर्डाच्या जागी सुटं मॉड्यूल आहे. दिवसाला तीस मिलीअँप-अवरच्या आत. आणि रीडिंग दोन तासांपेक्षा जुनं असेल तर पानावर मोठ्या लाल अक्षरांत येतं, "यंत्रावर विश्वास ठेवू नका". ही ओळ मामाने सांगितली तशीच टाकलीय.

२०२५ साली पावसाने मे महिन्यातच मुक्काम ठोकला आणि ऑक्टोबर संपला तरी हलायला तयार नव्हता, त्यामुळे चाचणीला गच्चीवर जायची गरज पडली नाही. सेल ३.९ व्होल्टच्या खाली गेला नाही. मामा मात्र अजून रोज पहाटे उठून बागेत जातो, पानावर हात फिरवतो, आणि मग मोबाईल उघडून माझा आकडा बरोबर आहे का ते बघतो.

त्या नऊ पोरांना मी किती मार्क दिले ते सांगत नाही. एकाने कालच फोन केला होता, १० किलोओहमचा रेझिस्टर एवढा बारीक सोल्डर कसा करायचा म्हणून. पुढच्या शनिवारी त्याला घरी बोलावलंय, पावसाचा अंदाज आहे.